पाच गावांची एक टीम

2003 साली शिकागोत वेबसाइटची डिझाइनं करणारी ‘थर्टीसेव्हन सिग्नल्स’ नावाची छोटी कंपनी होती. कामं येत होती, पण प्रत्येक कामाची माहिती ई-मेलमध्ये विखुरलेली. क्लायंटने कुठला नमुना पसंत केला, तारीख काय ठरली, कोणी काय करायचं कबूल केलं, हे शोधण्यात वेळ जायचा. कंपनीचे प्रमुख जेसन फ्राइड यांनी आपल्यापुरतं एक सॉफ्टवेअर करून घ्यायचं ठरवलं. प्रोग्रामर मिळाला तो थेट कोपनहेगनमध्ये. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन तेव्हा तिथे शिकत होते आणि आठवड्याला जेमतेम दहा तास देऊ शकत होते. दोन शहरांच्या घड्याळांत सात तासांचा फरक. शिकागोत ऑफिस उघडेपर्यंत कोपनहेगनमध्ये दुपार उलटून गेलेली असे.

या जोडीतून फेब्रुवारी 2004 मध्ये ‘बेसकॅम्प’ बाजारात आलं. कामांची यादी, तारखा, क्लायंटशी झालेलं बोलणं हे सगळं एका जागी ठेवणारं ते सॉफ्टवेअर होतं. ते लिहिताना तयार झालेला पायाभूत भाग हॅन्सन यांनी ‘रूबी ऑन रेल्स’ या नावाने त्याच वर्षी सर्वांसाठी खुला केला. पुढे शॉपिफाय आणि गिटहबसारखी मोठी कामं त्याच पायावर उभी राहिली. आठवड्याचे दहा तास आणि सात तासांचं अंतर ही अडचण होती, पण तिचा फायदाही झाला, असं त्या दोघांनी पुढे वारंवार लिहिलं आहे. मोजकेच तास असल्यामुळे काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही हे आधी ठरवावं लागे, आणि ठरलेलं स्पष्ट शब्दांत कळवावं लागे.

कोरोनानंतर ‘वर्क फ्रॉम होम’ हा शब्द घरोघरी पोचला. त्यामुळे दूर बसून काम करणं म्हणजे लॅपटॉप, इंटरनेट आणि दिवसभर व्हिडिओ कॉल, अशी एक समजूत झाली. प्रत्यक्षात चांगल्या चालणाऱ्या छोट्या रिमोट टीम फार बोलत नाहीत, त्या लिहितात. त्यांचं यश कॉलच्या संख्येवर नाही, तर जे ठरलं ते तिसऱ्या माणसाला विचारल्याशिवाय सापडतं की नाही, यावर अवलंबून असतं.

माणसं वाढली की वाटा वाढतात

टीम छोटी का असावी, याचं गणित जुनं आहे. आयबीएमच्या सिस्टिम 360 या संगणकांची ऑपरेटिंग सिस्टिम बनवण्याच्या कामाचे प्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स यांनी 1975 मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी एक साधा हिशेब मांडला. तीन माणसांत बोलण्याच्या जोड्या तीन होतात, पाचांत दहा आणि दहांत पंचेचाळीस. माणसं दुप्पट केली, पण समजावण्याचं, विचारण्याचं आणि गैरसमज निस्तरण्याचं काम साडेचार पट झालं. उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर नवी माणसं घातली की ते आणखी लांबतं, हा ब्रुक्स यांचा प्रसिद्ध निष्कर्ष याच गणितातून येतो.

अंतराबद्दलही असंच एक जुनं निरीक्षण आहे. एमआयटीतले प्राध्यापक थॉमस अ‍ॅलन यांनी प्रयोगशाळांमधले इंजिनिअर एकमेकांशी किती बोलतात, ते मोजलं. टेबलांमधलं अंतर वाढत गेलं की कामाचं बोलणं झपाट्याने घटतं, आणि पन्नास मीटरच्या आसपास ते जवळजवळ तळाला लागतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा सहकारी आणि दुसऱ्या देशातला सहकारी यांत आपण समजतो तेवढा फरक नसतो. फरक इतकाच की दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाशी आपण बोलतो, असा आपला भ्रम असतो. रिमोट टीमला तो भ्रम परवडत नाही, म्हणून ती लिहून ठेवण्याची सोय आधीपासून करते.

न खोडायची वही

या सोयीचा कणा म्हणजे ‘गिट’. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल 2005 मध्ये ते लिहायला घेतलं. तोवर लिनक्सचं काम बिटकीपर नावाच्या एका खासगी सॉफ्टवेअरवर चालत होतं. त्याचा फुकट वापर बंद झाला आणि जगभर पसरलेल्या हजारो प्रोग्रामरांसमोर प्रश्न उभा राहिला. टोरवाल्ड्स यांनी काही दिवसांत गिट स्वतःचाच कोड सांभाळण्याइतकं उभं केलं.

गिटचं काम समजायला व्यापाऱ्याची रोजकीर्द डोळ्यांसमोर आणावी. रोजकीर्दीत चुकलेली नोंद खोडत नाहीत, उलटी नोंद घालून ती दुरुस्त करतात. त्यामुळे चूकही दिसते आणि दुरुस्तीही. गिटमध्ये कोडमधला प्रत्येक बदल असाच नोंदला जातो: कोणी केला, कधी केला, नेमक्या कुठल्या ओळी बदलल्या, आणि का. प्रत्येक प्रोग्रामरच्या मशीनवर या वहीची पूर्ण प्रत असते. इंटरनेट गेलं, पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली, तरी बॅटरीवर काम चालू राहतं आणि लाइन आली की नोंदी जुळवता येतात. एकाच वेळी दोघांनी वेगवेगळे बदल करायचे असतील, तर प्रत्येक जण ‘ब्रांच’ म्हणजे वेगळी शाखा काढतो. काम तपासून झालं की ती मुख्य कोडमध्ये मिसळतो. दोघांनी नेमकी एकच ओळ बदलली असेल तर गिट थांबतं आणि माणसाला निर्णय घ्यायला लावतं.

‘का’ हा रकाना मात्र गिट स्वतः भरत नाही, तो माणसालाच लिहावा लागतो. बऱ्याच टीम तिथे ‘फिक्स केलं’ एवढंच लिहून मोकळ्या होतात आणि सहा महिन्यांनी स्वतःच्याच कोडपुढे डोकं खाजवत बसतात.

सिमेंटच्या दहा पोत्यांचं टिकेट

हे सगळं प्रत्यक्षात कसं चालतं ते एका नमुन्यावरून पाहू. समजा, व्यापाऱ्यांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर करणारी पाच जणांची टीम आहे. दोन प्रोग्रामर, एक पुण्यात आणि एक टोरांटोत. डिझाइन करणारी मुलगी नाशिकला, टेस्टिंग बघणारा सोलापुरात, आणि ग्राहकांचे फोन घेणाऱ्या ताई कोल्हापुरात. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले. 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले आणि सिमेंट 28 वरून 18 टक्क्यांवर आलं. टीमने आयटम मास्टरमधले, म्हणजे मालाच्या मूळ यादीतले, दर बदलून दिले. सगळं झालं असं वाटत असतानाच कऱ्हाडच्या एका सिमेंट व्यापाऱ्याचा फोन आला: ‘ताई, क्रेडिट नोट चुकतेय.’ क्रेडिट नोट म्हणजे परत आलेल्या मालापोटी विक्रेता काढतो ती वजावटीची नोंद.

ताईंनी हेच वाक्य जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं असतं, तर पुढचे दोन दिवस प्रश्नोत्तरांत गेले असते. कुठल्या तारखेचं बिल? चुकतेय म्हणजे काय? किती यायला हवं होतं? टोरांटोतला माणूस झोपलेला असताना विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे एक दिवस. म्हणून त्यांनी टिकेट, म्हणजे टीमच्या कामाच्या यादीतली तक्रारीची नोंद, असं लिहिलं:

‘20 सप्टेंबरचं बिल. 50 पोती, करापूर्वी 300 रुपये पोतं, दर 28 टक्के. 25 सप्टेंबरला 10 पोती परत. क्रेडिट नोटमध्ये कर 540 रुपये दिसतो, 840 यायला हवा. बिलाचा आणि क्रेडिट नोटचा स्क्रीनशॉट जोडला आहे. 22 नंतरच्या बिलांवर अडचण नाही. व्यापाऱ्याला महिन्याचं रिटर्न भरायच्या आत हवं आहे.’

या सहा-सात ओळींत सगळं आलं: काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं, कुठे अडचण नाही आणि घाई किती. पुण्यातल्या प्रोग्रामरला वाचता वाचताच दुखणं कळलं. जुन्या बिलापोटी काढलेल्या क्रेडिट नोटवर त्या बिलाचाच दर लागतो. सॉफ्टवेअर मात्र दर आयटम मास्टरमधून घेत होतं आणि तिथे आता 18 होता. 3,000 रुपयांच्या मालावर 300 रुपयांचा फरक त्यामुळेच पडला.

सोपा इलाज होता: क्रेडिट नोटमध्ये दर हाताने बदलायची सोय द्यायची. अर्ध्या तासाचं काम. पण मग प्रत्येक व्यापाऱ्याला जुना दर आठवून टाकावा लागणार आणि निम्मे जण चुकणार. प्रोग्रामरने टिकेटखाली दोन्ही मार्ग लिहिले. दुसरा मार्ग असा: दर मालाच्या नावापुढे न ठेवता वेगळ्या दरतक्त्यात ठेवायचा. त्यात प्रत्येक दरासोबत तो कुठल्या तारखेपासून लागू आहे तेही नोंदायचं. शिवाय बिल बनतानाच दर बिलात कायमचा उतरवून ठेवायचा आणि क्रेडिट नोटने तो तिथूनच उचलायचा. यात तीन दिवस जाणार होते. खाली डिझाइनवालीने लिहिलं, ‘दुसरा चालेल. व्यापाऱ्याला पडद्यावर नवीन काही दिसायला नको.’ निर्णय झाला, कॉल न करता, आणि कारणासकट नोंदला गेला.

मग ब्रांच काढून कोड लिहिला गेला. सोबत मशीनने आपोआप तपासायच्या चाचण्याही लिहिल्या गेल्या: 21 तारखेचं बिल, 22 चं बिल, 21 च्या बिलावर 25 ला परतावा. यानंतरचा टप्पा रिव्ह्यूचा. पुण्यात संध्याकाळचे साडेसहा वाजले की टोरांटोत उन्हाळी वेळेप्रमाणे सकाळचे नऊ वाजलेले असतात. पुण्यातला प्रोग्रामर लॅपटॉप मिटतो तेव्हा तिकडचा उघडतो. त्याने बदललेली प्रत्येक ओळ वाचली आणि एका ओळीशेजारी शेरा मारला: ‘20 तारखेचं बिल कोणी 24 ला उघडून फक्त पत्ता दुरुस्त करून पुन्हा सेव्ह केलं, तर दर परत तक्त्यातून, 24 तारखेप्रमाणे, घेतला जाईल ना?’ जाणारच होता. हा घोळ चाचण्यांत कोणाला सुचला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात शेरा वाचला गेला, दुरुस्ती झाली आणि चौथी चाचणी वाढली.

सोलापूरच्या टेस्टरने खऱ्या ग्राहकांपासून वेगळ्या ठेवलेल्या सर्व्हरवर ते वापरून पाहिलं. आधी ते कऱ्हाडच्या व्यापाऱ्यापुरतं चालू केलं आणि एक दिवस थांबून सगळ्यांना दिलं. गिटमध्ये नोंद पडली: ‘दर आयटम मास्टरमधून दरतक्त्यात हलवला. क्रेडिट नोट मूळ बिलाचा दर वापरते. बिल पुन्हा सेव्ह केलं तरी दर बदलत नाही. कारण टिकेटमध्ये आहे.’

या प्रवासात पाच माणसं एकदाही एकत्र ऑनलाइन नव्हती. दोन वर्षांनी सरकारने पुन्हा दर बदलले आणि तेव्हा टीममध्ये नवा मुलगा असला, तरी त्याला कोणाला फोन करावा लागणार नाही. कोडच्या ओळीवरून नोंद, नोंदीवरून टिकेट आणि टिकेटवरून कऱ्हाडची दहा पोती, असा माग काढत तो मूळ कारणापर्यंत पोचेल.

हा नमुना कल्पित आहे, पण असे खरे संवाद कोणालाही वाचता येतात. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ‘ईआरपीनेक्स्ट’ हे हिशेब, साठा आणि खरेदी-विक्री सांभाळणारं सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे. रुषभ मेहता यांनी सुरू केलेल्या या कामाचा कोड, तक्रारी, शेरे आणि रिव्ह्यू गिटहब या वेबसाइटवर खुले आहेत. कधीही न भेटलेली माणसं कराच्या एखाद्या रकान्यावर मुद्देसूद वाद कसा घालतात, हे कॉमर्सच्या आणि कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्यांनी तिथे जाऊन जरूर पाहावं.

काम कापायचं, वेळ नाही

बिझनेस सॉफ्टवेअरमध्ये मागण्यांना अंत नसतो. प्रत्येक ग्राहकाला वेगळा रिपोर्ट हवा असतो. समोरासमोर बसलेली टीम ‘बघू, करून टाकू’ म्हणत दिवस ढकलू शकते. दूर बसलेल्या टीममध्ये ‘बघू’ याचा अर्थ पाच जण पाच प्रकारे लावतात. म्हणून मर्यादा आधी ठरवावी लागते.

बेसकॅम्पवाल्यांची यावरची पद्धत रायन सिंगर यांनी 2019 मध्ये ‘शेप अप’ या पुस्तकात मांडली. तिथे मोठ्या कामाला सहा आठवडे देतात. टीम म्हणजे एक डिझायनर आणि एक-दोन प्रोग्रामर. काम सुरू होण्याआधी कोणीतरी अनुभवी माणूस ते काही पानांत लिहून काढतो: अडचण काय, ढोबळ उपाय काय, कुठे पाय अडकू शकतो आणि काय करायचं नाही. सहा आठवड्यांत संपत नसेल तर मुदत आपोआप वाढत नाही, काम कापलं जातं. मग दोन आठवडे मोकळे, किरकोळ दुरुस्त्यांसाठी आणि पुढच्या विचारासाठी. रोज सकाळी प्रत्येकाने काल काय केलं ते सांगायची हजेरी त्यात नाही. कोण किती वेळ ऑनलाइन होता, यापेक्षा काय पूर्ण झालं, याकडे लक्ष असतं.

डेटा पुसला गेला तेव्हा

लेखी शिस्तीची खरी परीक्षा संकटात होते. गिट वापरून कोड सांभाळण्याची सेवा देणारी गिटलॅब ही कंपनी पहिल्यापासून विखुरलेली. 2011 मध्ये युक्रेनमध्ये दिमित्री झापोरोझेत्स यांनी तिचं सॉफ्टवेअर सुरू केलं आणि पुढे नेदरलँड्सचे सिड सीब्रांडी त्यांना येऊन मिळाले. 31 जानेवारी 2017 च्या रात्री त्यांच्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हरवरचा डेटाबेस रिकामा करण्याचा आदेश चुकून मुख्य सर्व्हरवर दिला. चूक क्षणात लक्षात आली, पण आदेश थांबेपर्यंत सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते.

बॅकअपचे पाच मार्ग होते, ऐन वेळी त्यातला एकही धड उपयोगी पडला नाही. रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे बनतच नव्हता. तो बनत नसल्याचा इशारा देणाऱ्या ई-मेल वाटेतच नाकारल्या जात होत्या, त्यामुळे कोणाला पत्ता नव्हता. तारलं ते सहा तासांपूर्वी एका इंजिनिअरने वेगळ्याच कामासाठी काढून ठेवलेल्या प्रतीने. तरीही मधल्या सहा तासांतला डेटा गेला, त्यात सुमारे पाच हजार प्रकल्पांच्या नोंदी आणि सातशेच्या आसपास नवी खाती होती.

गिटलॅबने पुढे जे केलं ते आजही उदाहरण म्हणून सांगितलं जातं. दुरुस्तीची टिपणं त्यांनी त्याच वेळी सगळ्या जगाला वाचता येतील अशी खुली ठेवली आणि यूट्यूबवर काम थेट दाखवलं. नंतर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्यात एका माणसाच्या माथ्यावर खापर फोडलं नाही. त्याची चूक शक्य झाली ती कुठल्या त्रुटींमुळे, याची यादी दिली. हे औदार्य नव्हे, व्यवहार आहे. चूक कबूल केली की बोलणी बसणार असतील, तर दूर बसलेला माणूस ती लपवतो, आणि लपलेली चूक दूरच्या टीममध्ये फार उशिरा सापडते. या घटनेतला दुसरा धडाही तितकाच मोठा आहे: बॅकअप घेतो असं लिहून ठेवणं पुरेसं नाही, तो परत चढवून पाहिल्याशिवाय बॅकअप झाला असं म्हणू नये.

लिहून भागत नाही तिथे

काही गोष्टी लिहून होत नाहीत. नवा माणूस आला की पहिले काही आठवडे कोणीतरी त्याच्यासोबत एकच पडदा बघत बसावं लागतं. एखाद्या शेऱ्यावरून तिसरं तिखट उत्तर गेलं, की टायपिंग थांबवून फोन उचलावा. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो, आणि ‘हे असं का केलंय?’ हा साधा प्रश्न समोरच्याला खेकसल्यासारखा वाटू शकतो. वर्डप्रेस डॉट कॉम चालवणारी ऑटोमॅटिक ही कंपनी पहिल्यापासून विखुरलेल्या माणसांवर चालली, पण सगळ्यांना एकत्र भेटवण्याची प्रथा तिनेही पाडली. शिवाय दोन खोल्यांच्या घरात, शेजारी कुकरच्या शिट्ट्या आणि मुलांचा अभ्यास चालू असताना एकाग्र होणं सोपं नाही. घरची जागा, इन्व्हर्टर आणि चांगली खुर्ची हा खर्च कंपनीचा आहे, कर्मचाऱ्याचा नाही, हे छोट्या मालकांनी मान्य करायला हवं. वेगळ्या देशातल्या सहकाऱ्यासाठी रात्री अकराला कॉल घ्यायची वेळ नेहमी भारतातल्याच माणसावर येत असेल, तर ती टीम एक नाही, मालक आणि नोकर अशा दोन टीम आहेत.

आज कोल्हापूर, नाशिक, लातूर, पणजी इथे राहून बाहेरचं काम करणाऱ्या प्रोग्रामरांची संख्या वाढते आहे, आणि चार-पाच जणांनी मिळून स्वतःचं सॉफ्टवेअर काढणंही आता अवघड राहिलेलं नाही. साधनं स्वस्त आहेत, बरीचशी फुकट आहेत. सवय मात्र विकत मिळत नाही. तुमची अशी टीम असेल तर एक परीक्षा घ्या. उद्यापासून तुमच्यातला कोणीही एक जण पंधरा दिवस फोन बंद ठेवून रजेवर गेला, तर काय काय अडेल, याची यादी करा. कुठला पासवर्ड त्याच्याकडेच आहे, कुठल्या ग्राहकाला त्याने काय कबूल केलंय, कुठला कोड फक्त त्यालाच कळतो, कुठला बॅकअप तोच घेतो. या यादीतल्या गोष्टी आधी लिहून काढा, एखादं नवं फीचर त्यानंतर केलं तरी चालेल.